नाउसिकाचा शेवट

हायाओ मियाझाकींच्या 'नाउसिका' या जपानी अ‍ॅनिमेशनपटाचा शेवट घाईत गुंडाळलाय, असा एक आक्षेप आहे. तो पटतो, पण थोडी भर घालतो. सिनेमा मार्च 1984 मध्ये आला तेव्हा मियाझाकींची मूळ चित्रकथा जेमतेम सुरू झाली होती. 'अ‍ॅनिमेज' मासिकात 1982 ला सुरू झालेली ती कथा थेट 1994 मध्ये संपली, सात खंडांत. सिनेमात पहिल्या दोन खंडांइतकाच ऐवज आहे, तोही बराच बदललेला. म्हणजे त्यांना स्वतःलाही खरा शेवट सापडायला अजून दहा वर्षं होती!

(पुढे कथा फुटते, पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

सिनेमातला महाकाय योद्धा, म्हणजे जुन्या काळातलं ते जिवंत अस्त्र, आठवा. अर्धाकच्चाच बाहेर काढलेला, दोनदा आग ओकतो आणि मेणासारखा गळून पडतो. तो प्रसंग हिदेआकी आन्नोने अ‍ॅनिमेट केलाय, अंगावर काटा येतो. पुस्तकात मात्र तोच योद्धा नायिकेला, नाउसिकाला, आई म्हणतो, ती त्याला नाव देते. हे वाचताना मला फार गलबलून आलं.

आणि ते विषारी जंगल! सिनेमात ते जमीन शुद्ध करतंय म्हटल्यावर आपण सुटकेचा श्वास सोडतो. पुस्तकात कळतं की आताची माणसं विषातच तगतील अशी घडवलेली आहेत, निव्वळ शुद्ध हवा त्यांना सोसणार नाही. त्यानंतर नाउसिका जो निर्णय घेते, तो बरोबर होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्यांनी सातवा खंड वाचलाय त्यांनी जरूर लिहा.