मदत हवी आहे: लेव्हल ए सॉफ्टवेअरचं एमसी/डीसी कव्हरेज ९६ टक्क्यांवर अडकलंय

चाकधर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. विमानाच्या ब्रेक नियंत्रकाचं सॉफ्टवेअर आहे. भाषा सी, प्रमाणन डीओ-१७८सी (विमानातल्या सॉफ्टवेअरचं मानक) प्रमाणे, लेव्हल ए, म्हणजे सगळ्यात कडक पातळी. एसओआय-३, म्हणजे पडताळणीचं ऑडिट, सहा आठवड्यांवर आलंय. रिक्वायरमेंटवरून लिहिलेल्या सगळ्या टेस्ट पास आहेत, तरी कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये कोडचा किती भाग तपासला गेला याचं माप, अडलंय: स्टेटमेंट (ओळी) ९९, डिसिजन (प्रत्येक निर्णय खरा आणि खोटा) ९८ आणि एमसी/डीसी (निर्णयातली प्रत्येक अट स्वतंत्रपणे निकाल बदलते हे दाखवणं) ९६ टक्क्यांवर. उरलेल्या जागा मुख्यतः दोन प्रकारच्या:

१) एका इफमध्ये अशी अट आहे: (अ आणि ब) किंवा (अ आणि क). अ म्हणजे चाकांवर भार, ब म्हणजे पेडल दाबलेलं, क म्हणजे ऑटोब्रेक चालू. टूल म्हणतं, अ चा स्वतंत्र परिणाम दिसला नाही.

२) चार स्थितींच्या स्विचमधला डिफॉल्ट, म्हणजे कुठलीच स्थिती जुळली नाही तर चालणारी शाखा. स्थिती चारच, त्यामुळे बाहेरून कुठलंही इनपुट दिलं तरी तिथे पोचता येत नाही.

टीममध्ये सूचना आली आहे की कोड समोर ठेवून वीसेक युनिट टेस्ट लिहायच्या आणि आकडा १०० वर न्यायचा. चालेल का?

कसोटीवाला
नाही. आधी तेवढं थांबवा.

लेव्हल ए ला कव्हरेज मोजायचं ते रिक्वायरमेंटवर आधारित टेस्ट चालवून. ऑडिटर कुठलीही एक टेस्ट उचलतो आणि तिची रिक्वायरमेंट दाखवा म्हणतो. कोड बघून लिहिलेल्या टेस्टला दाखवायला रिक्वायरमेंट नसते, आणि अशी एक सापडली की तो बाकीच्याही उपसतो. शिवाय कोडमध्येच चूक असेल तर कोडवरून काढलेली अपेक्षित किंमतही तीच चूक घेऊन येते. टेस्ट पास होते, चूक जागच्या जागी.

प्रत्येक उघड्या जागेचं कारण चारांपैकी एक ठरवा: टेस्ट अपुरी, रिक्वायरमेंट अपुरी, नको असलेला कोड (डेड कोड, म्हणजे चुकून राहिलेला, कधीच न चालणारा कोड, त्यातच आला), नाहीतर डिअॅक्टिव्हेटेड कोड (मुद्दाम ठेवलेला, पण या मांडणीत न चालणारा). टेस्ट अपुरी तर रिक्वायरमेंट वाचून टेस्ट वाढवा. रिक्वायरमेंट अपुरी तर आधी ती दुरुस्त करा, मग टेस्ट. नको असलेला कोड काढा, परिणाम तपासा, लागेल तेवढी पडताळणी पुन्हा करा. हे विश्लेषण कोड लिहिणाऱ्याने स्वतः करायचं नाही; लेव्हल ए ला इथे स्वतंत्र माणूस लागतो.

सत्यसारणी
पहिल्या मुद्द्यापुरतं. डीओ-१७८सीच्या व्याख्येत एकच अट एका डिसिजनमध्ये दोनदा आली तर ती दोन वेगळ्या अटी धरतात. म्हणजे तुमच्याकडे तीन नाही, चार अटी आहेत. टूल युनिक-कॉज पद्धतीवर (एक अट बदलताना बाकी सगळ्या स्थिर) असेल तर पहिला अ बदलताना दुसरा स्थिर राहायला हवा. व्हेरिएबल एकच, त्यामुळे ते कधीच जमणार नाही. कितीही टेस्ट लिहा, ती जागा उघडीच राहील.

मास्किंग पद्धतीत जमतं; तिथे दुसरी अट बदलली तरी चालतं, तिचा निकालावरचा परिणाम दबलेला असला की झालं. (अ, ब, क) या क्रमाने, १ म्हणजे खरं, ० म्हणजे खोटं:
१,१,० → खरं
०,१,० → खोटं
१,०,१ → खरं
०,०,१ → खोटं
१,०,० → खोटं

पहिली-दुसरी जोडी पहिल्या अ साठी: क शून्य असल्याने उजवा भाग दबलेला राहतो. तिसरी-चौथी दुसऱ्या अ साठी. पहिली-पाचवी ब साठी, तिसरी-पाचवी क साठी. चार अटी, पाच टेस्ट. तुमच्या यादीत बहुधा ०,०,१ नाही: चाकांवर भार नसताना ऑटोब्रेक चालू. ही टेस्ट रिक्वायरमेंटवरूनच यायला हवी होती, कारण हवेत असताना ब्रेक लागू नये हेच त्या अटीचं काम.

मास्किंग वापरणार हे पडताळणी आराखड्यात लिहिलेलं आहे का तेही बघा. नसेल तर आधी आराखडा सुधारून मान्य करून घ्या.

चाकधर
०,०,१ खरंच नाही! अट अ आणि (ब किंवा क) अशी लिहिली तर?

सत्यसारणी
तर्क तोच, अटी तीन आणि टेस्ट चार: १,१,० / ०,१,० / १,०,० / १,०,१. वाचायलाही सोपी. पण कोड बदलला की रिव्ह्यू, ट्रेसेबिलिटी (कोड कुठल्या रिक्वायरमेंटसाठी, याची नोंद) आणि त्या मॉड्यूलच्या टेस्ट पुन्हा आल्या. सहा आठवड्यांत मी कोडला हात लावणार नाही. आणि नवी मांडणी निवडलीत तरी हवेतल्या ऑटोब्रेकची टेस्ट हवीच, चार टेस्टमध्ये कव्हरेज भरलं तरी.

पायरी_पायरीने
डिफॉल्टबद्दल. याला डेड कोड म्हणू नका. मजबुतीसाठी मुद्दाम ठेवलेला बचावाचा कोड डेड कोडच्या व्याख्येतून वगळलेला आहे. पण म्हणून टेस्टशिवाय सोडताही येत नाही.

डिराइव्ड रिक्वायरमेंट (वरच्या रिक्वायरमेंटमधून थेट न आलेली) लिहा: स्थितीची किंमत ठरलेल्या चारांबाहेर गेली तर सॉफ्टवेअरने काय करायचं, किती वेळात, आणि कुठला दोष नोंदवायचा. ती सिस्टिमच्या सुरक्षा-विश्लेषणाकडे पाठवा. ही पायरी कागदापुरती नाही. ब्रेक पूर्ण सोडणं सुरक्षित, की शेवटची आज्ञा धरून ठेवणं, हे धावपट्टीवरच्या वेगावर आणि दुसरा चॅनल जिवंत आहे का यावर ठरतं. ते सॉफ्टवेअर टीमने आपल्या मनाने ठरवायचं नाही. तुमच्या डिफॉल्टमध्ये आत्ता जे आहे ते कुणी ठरवलं, हे शोधा.

मग टेस्ट: टार्गेट बोर्डावर (प्रत्यक्ष प्रोसेसर असलेल्या बोर्डावर) डीबगरने स्विचच्या आधी थांबा, स्थितीत ७ लिहा, पुढे सोडा, आउटपुट आणि दोषनोंद तपासा. थांबवल्याने वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की रीसेट करणारा टायमर) रीसेट होत असेल तर त्याची सोय टेस्टच्या पद्धतीत लिहून ठेवा.

एक खाच आहे. ऑप्टिमायझेशन चालू असेल आणि ही किंमत चारांबाहेर जाऊच शकत नाही असं कंपायलरला सिद्ध करता आलं, तर तो डिफॉल्टची शाखा गाळून टाकतो. सोर्समध्ये बचाव दिसतो, विमानात नसतो. असेंब्ली लिस्टिंग (कंपायलरने प्रत्यक्ष बनवलेल्या सूचनांची यादी) उघडून खात्री करा.

कसोटीवाला
लिस्टिंग उघडताय तर लेव्हल ए चं आणखी एक काम तिथेच उरकेल. सोर्सशी थेट जुळत नाही असा ऑब्जेक्ट कोड (मशीनसाठीचा कोड) कंपायलरने घातला असेल तर तो वेगळा पडताळावा लागतो. ही अट फक्त लेव्हल ए ला. नेहमीच्या जागा: मोठ्या स्ट्रक्चरची थेट कॉपी केली की मेमकॉपी या लायब्ररीच्या रूटीनला हाक जाते, ३२ बिटी प्रोसेसरवर ६४ बिटी भागाकार लायब्ररीच्या रूटीनकडे जातो. ती रूटीनही विमानात जातात, म्हणून त्यांचे पुरावेही लेव्हल ए चेच लागतात. विश्लेषण विमानात जाणाऱ्या बिल्डच्याच कंपायलर-पर्यायांवर करा.

चाकधर
मोठी मदत झाली. शेवटचा प्रश्न कव्हरेज टूलचा. विक्रेत्याचं क्वालिफिकेशन किट (टूल बरोबर मोजतं हे दाखवणाऱ्या टेस्टचा संच) घेतलंय, तेवढं पुरेल?

पायरी_पायरीने
किट विकत घेऊन भागत नाही, ते तुमच्या मशीनवर, तुमच्या कंपायलरसह चालवून निकाल जपावे लागतात. कव्हरेज मोजणारं टूल डीओ-३३० (टूलच्या पात्रतेचं मानक) मध्ये टीक्यूएल-५ ला, म्हणजे सगळ्यात सौम्य पातळीला, बसतं. टूलची आवृत्ती आणि किटची आवृत्ती तंतोतंत जुळते का बघा.

दोन गोष्टी आजच तपासा. एक, इफच्या बाहेरची बुलियन (खरं-खोटं) असाइनमेंट, म्हणजे ग = अ && ब सारखी ओळ (&& म्हणजे 'आणि'), हीसुद्धा डिसिजनच आहे. टूलच्या सेटिंगमध्ये ती बंद असेल तर तुमचे ९६ टक्के फसवे आहेत. && ऐवजी एकेरी & वापरलेल्या ओळीही अशाच निसटतात; सोर्समध्ये शोधून यादी करा.

दोन, इन्स्ट्रुमेंट केलेला (मोजणीसाठी टूलने जादा ओळी घातलेला) कोड विमानात जात नाही. त्याच टेस्ट इन्स्ट्रुमेंटेशनशिवाय टार्गेटवर चालवा, पास-नापासचं श्रेय तिथूनच घ्या, आणि दोन्ही धावांचे आउटपुट जुळवून ठेवा. वेळेच्या टेस्टमध्ये फरक निघेल, त्याचं कारण लेखी हवं.

चाकधर
सेटिंग पाहिलं. असाइनमेंट बंद होत्या. चालू करून पुन्हा मोजतोय, नवा आकडा इथेच टाकतो.