‘मेट्रोपोलिस’च्या पोस्टरवरचे कामगार गेले कुठे?

केतकी_पु
काल ‘मेट्रोपोलिस’ पुन्हा पाहिला. फ्रिट्झ लांगचा १९२७चा मूकपट. पाळी बदलताना माना खाली घालून, एका लयीत पावलं टाकणारे कामगार दिसले की दर वेळी पोटात कालवतं. मग हाइन्झ शुल्त्स-नॉयडामचं ते प्रसिद्ध पोस्टर उघडून बसले. खाली सिनेमातल्या यंत्रस्त्रीचं, म्हणजे बाईच्या रूपातल्या रोबोचं, डोकं आणि खांदे, मागे आभाळात घुसलेले मनोरे, वर टोकदार अक्षरं. कामगार एकही नाही! ज्यांच्या घामावर ते मनोरे उभे आहेत, त्यांनाच गाळलंय. २००५ साली याची एक प्रत ६ लाख ९० हजार डॉलरला विकली गेली. विको बापडी, पण सिनेमाशी ही बेइमानी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

दगडछाप
अजिबात पटलं नाही. पोस्टर म्हणजे कथासार नव्हे. जवळपास सात फूट उंच, तीन फूट रुंद कागद. रस्त्यापलीकडून जाणाऱ्याची नजर दोन क्षणांत धरायची असते. माझे वडील छापखान्यात होते. शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापताना, प्रत्येक रंगाचा हात वेगळा मारावा लागतो, रजिस्टर म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी केसभर सरकली तरी चेहरा बिघडतो, हे त्यांच्याकडून ऐकत मोठा झालो. त्या काळ्या-तपकिरी छटांमधून धातूची थंड चकाकी उभी राहते ना, ती नीट बघा. तिथे शंभर माणसं कोंबली असती तर एकही दिसला नसता.

केतकी_पु
कारागिरीबद्दल वादच नाही. पण काय दाखवायचं हे कुणीतरी ठरवलंच ना? याच सिनेमाच्या वेर्नर ग्राउलने केलेल्या पोस्टरवरही यंत्रस्त्रीचाच चेहरा. फ्रान्ससाठी बोरिस बिलिन्स्कीने केलेल्यांपैकी जे सर्वांत गाजलं, त्यात इमारतींचं जंगल. यंत्र किंवा इमारत. माणूस कुणालाच सुचू नये?

निशाचर_७
माणूस आहे की. त्या पत्र्याच्या आत ब्रिगिटे हेल्म आहे, पहिल्याच सिनेमात काम करणारी मुलगी. शिल्पकार वाल्टर शुल्त्से-मिटेनडॉर्फने तिच्या अंगाचा साचा घेऊन लाकडाच्या लगद्यातून तो पोशाख घडवला आणि वरून धातूसारखा रंगवला. तसल्या कडक कवचात तासन् तास उभं राहणं ही मजुरीच. मला त्या पोस्टरवर एक कामगार नेहमी दिसतो.

केतकी_पु
हे सुंदर लिहिलंत, पण ते तुम्हाला माहीत आहे म्हणून दिसतं. १९२७मध्ये बर्लिनच्या फुटपाथवरून जाणाऱ्याला कसं दिसणार?

दगडछाप
मग दोष एकट्या पोस्टरला का? सिनेमाचाच शेवट आठवा. मालकाचा आणि मुकादमाचा हात मिळवून दिला जातो, बाकीचे कामगार मागे नुसती गर्दी म्हणून उभे. लांगला स्वतःलाही तो शेवट पुढे रुचला नव्हता. चित्रकाराने सिनेमात जे ठसठशीत होतं तेच उचललं.

केतकी_पु
शेवटाबद्दल बरोबर आहे तुमचं, तो मलाही खुपतो. तरी त्या उभ्या कागदाकडे बघून राहवत नाही. मनोरे आहेत तिथेच राहू देत. तळाशी, यंत्रस्त्रीच्या खांद्यांखाली, वीतभर पट्टीत ती माना घातलेली रांग काढली असती तर? दोन क्षणांत नसती दिसली, कबूल. पण जवळ गेलेल्याला दिसली असती.