'दिस' की 'दीज'? दुकानात रोज अडतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात महाद्वार रोडजवळ आमचं चपलांचं दुकान आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली परराज्यातली, परदेशातली गिऱ्हाइकं इंग्रजीतच बोलतात. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याबद्दलही विचारतात.

'दिस-दॅट' एकासाठी, 'दीज-दोज' अनेकांसाठी, एवढं पाठ आहे. हा जोडा, ही चप्पल, हे कातडं असं लिंग बघून बोलायची आपली सवय; इंग्रजीत फक्त संख्या बघायची. पण जोड्यापाशीच गाडी अडते. 'दीज चप्पल्स आर' बरोबर, मग 'पेअर' शब्द आला की 'दिस पेअर इज' म्हणायचं का? पायताणं तर दोनच असतात की!

परवा एका बाईंनी कापशी (कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार) हातात घेऊन विचारलं, 'आर दीज लेदर?' मी म्हटलं, 'येस, दीज आर.' लेक लगेच म्हणाली, 'बाबा, येस, दे आर.' असं का, ते तिलाही सांगता येईना.

आणखी एक. चप्पल गिऱ्हाइकाच्या हातात, मी गल्ल्यावर. तेव्हा 'दीज' की 'दोज'? अंतर माझ्यापासून धरायचं की त्यांच्यापासून?

कुणी इंग्रजी शिकवत असाल तर दुकानात चालतील अशी चार वाक्यं लिहून द्या. गल्ल्याशेजारी चिकटवून ठेवतो.