विजेच्या खांबांवरील इंटरनेटच्या तारा: परवानगी कोणाची, भाडे कोणाला?

प्रश्न: आमच्या गल्लीतील विजेच्या खांबावर इंटरनेट आणि केबलच्या इतक्या तारा गुंडाळल्या आहेत की वायरमनला शिडी टेकवायलाही जागा उरलेली नाही. याला कायद्याने मुभा आहे का? असल्यास त्या भाड्याचा वीजग्राहकांना काही लाभ मिळतो का?

प्रतिसाद १: मुभा आहे, परंतु खांबाच्या मालकाच्या संमतीनेच. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 51 नुसार वितरण परवानाधारक (म्हणजे वीज वितरण कंपनी) वीज नियामक आयोगाला पूर्वसूचना देऊन आपल्या मालमत्तेचा पुरेपूर उपयोग होईल असा अन्य व्यवसाय करू शकतो आणि त्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा वहन आकार (वीज तारांमधून वाहून नेण्याचे शुल्क) कमी करण्यासाठी वापरावा लागतो. म्हणूनच विनापरवाना लोंबणारी तार हे माझ्या मते ग्राहकांचेच नुकसान आहे.

प्रतिसाद २: दूरसंचार कंपन्यांच्या लहान मोबाइल उपकरणांसाठी पथदिव्यांसारखे खांब वापरण्याचे दर केंद्राने 2022 मध्ये ठरवले होते: शहरात वर्षाला 300 रुपये, ग्रामीण भागात 150.

प्रतिसाद ३: भाड्यापेक्षा मला वायरमनच्या जिवाची चिंता अधिक वाटते. इंटरनेट-केबलसारख्या संपर्काच्या तारा वीजवाहिनीच्या खाली, पुरेसे अंतर राखूनच असायला हव्यात, कारण जुन्या टीव्ही केबलमध्ये धातू असतो आणि विजेची तार तुटून तिच्यावर पडली, तर प्रवाह थेट घरातील सेट-टॉप बॉक्सपर्यंत पोहोचू शकतो. धातूविरहित ऑप्टिकल फायबरमध्ये हा धोका बराच कमी असतो. मात्र खांबावर टांगून ठेवलेली जादा केबलची वेटोळी वाऱ्याचा ताण वाढवतात. खांबाचा क्रमांक व छायाचित्र जोडून वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच अवश्य घ्या.