पीएम (पोस्टमॉर्टेम) रिपोर्टमध्ये ७५ टक्के ब्लॉक, मग काकांना ७० असून ते ठणठणीत कसे?

सह्याद्रीची_लेक:
धाकटा भाऊ, ३६ वर्षांचा, मागच्या महिन्यात सकाळी बॅडमिंटन खेळून आला, छातीत जळजळतंय म्हणाला, आम्ही सगळ्यांनी अॅसिडिटीच धरली आणि तासाभरात सगळं संपलं. पोलीस, पंचनामा, पीएम सगळं झालं. आता रिपोर्ट आलाय त्यात एलएडी नावाची हृदयाला रक्त पुरवणारी नस ७५ टक्के अरुंद आणि त्यात ताजी गुठळी असं लिहिलंय, पण हृदयाचा स्नायू नॉर्मल! दोन महिन्यांपूर्वीचा ईसीजी पण नॉर्मल होता. आमच्या काकांना अँजिओग्राफीत ७० टक्के ब्लॉक निघाला होता ते रोज पाच किमी चालतात. घरात काहीजण म्हणतायत की कुणी काही खायला घातलं असेल, आईला झोप नाही. कोणी समजावून सांगेल का?

पॅथॉलॉजीवाला:
ताई, फार वाईट वाटलं. मी पॅथॉलॉजीत आहे, रिपोर्ट न बघता जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो. पीएममध्ये आम्ही हृदयाच्या नसांचे दर ३-४ मिलिमीटरवर आडवे काप घेतो, कधी नस इतकी चुन्यासारखी कडक झालेली असते की नीट कापताही येत नाही. तिथे टक्के बहुतेक वेळा क्षेत्रफळावर मोजतात, अँजिओग्राफीत व्यासावर. नळीचा व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव उरतं, म्हणजे आमचे ७५ टक्के हे अँजिओग्राफीतले साधारण ५०च. त्यामुळे काकांशी तुलना करू नका. आणि जीव बहुतेकदा नुसत्या अरुंदपणाने जात नाही, चरबीच्या थरावरचं पातळ आवरण फुटतं, त्यावर गुठळी बसते आणि रक्त थांबतं. विश्रांतीत काढलेल्या ईसीजीत आधी काहीच दिसत नाही हे अगदी नेहमीचं आहे.

स्नायू नॉर्मल कारण अटॅकची खूण नुसत्या डोळ्यांना दिसायला साधारण १२ तास तरी लागतात, त्याआधीच ठोके बिघडून माणूस जातो. ताजी गुठळी सापडली हेच मोठं उत्तर आहे. विषाची शंका असेल तर व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला होता का आणि केमिकल अॅनालिसिसला गेला का ते तपास अधिकाऱ्यांना विचारा. हृदय हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) जातं ते वेगळं, दोन्ही रिपोर्ट मागून घ्या.

कोकणपट्टी:
पण एवढ्या लहान वयात? मला वाटायचं हा पन्नाशीनंतरचा आजार.

पॅथॉलॉजीवाला:
नाही हो. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली होती, सरासरी वय २२, आणि सुमारे ७७ टक्के जणांत या आजाराची काही ना काही खूण सापडली. १९५३ साली ते छापून आलं. बऱ्याच जणांत किरकोळ जाडी होती, काहींची नस पूर्ण बंद होती. सगळे धडधाकट समजले जाणारे तरुण!

वडाची_सावली:
माझे बाबा ५१ व्या वर्षी झोपेत गेले, आम्ही पीएम नको म्हणून हातापाया पडलो. आज ११ वर्षं झाली, नेमकं काय झालं ते माहीत नाही, त्यामुळे मला आणि बहिणीला डॉक्टरांनी घरात कुणाला हार्टचं होतं का विचारलं की उत्तरच नसतं. ताई, रिपोर्टची झेरॉक्स जपून ठेवा. आणि तुम्ही भावंडांनी कोलेस्टेरॉल, शुगर, बीपी बघून घ्या, लायपोप्रोटीन ए (रक्तातल्या चरबीच्या एका प्रकाराची तपासणी) पण एकदा करा, ते आईवडिलांकडून येतं.

सह्याद्रीची_लेक:
आईला क्षेत्रफळाचं गणित बांगडीवर दाखवून सांगितलं. पहिल्यांदा म्हणाली, म्हणजे कुणी काही केलं नाही ना. मधला भाऊ सोमवारी रक्त द्यायला जातोय, मीपण त्याच्याबरोबर जाणार.