नाकारलेल्या टेपा विकाव्यात का? बीच बॉइज, होनोलुलू १९६७

खरडवही_बंद (धागाकर्ता)

बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या हवाईतल्या, होनोलुलू शहरातल्या दोन मैफली (२५ आणि २६ ऑगस्ट १९६७) डिसेंबर २०१७ मध्ये डिजिटल स्वरूपात बाहेर आल्या. निवडक गाणी नाहीत, सगळं गाठोडंच, अगदी तालमींसकट. माझ्या मते हे करायला नको होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर १९६४ मध्ये विमानात जबरदस्त घाबरल्यानंतर बँडची गाणी रचणाऱ्या ब्रायन विल्सनने दौरे जवळजवळ सोडले. तो स्टुडिओत गाणी घडवायचा, बाकीचे ती गावोगाव गायचे. मे १९६७ मध्ये 'स्माइल' हा त्याचा सगळ्यात महत्त्वाकांक्षी अल्बम गुंडाळला गेला. जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवातून बँडने अंग काढून घेतलं. ब्रायनचा भाऊ आणि बँडचा गिटारवादक कार्ल विल्सनवर लष्करभरती नाकारल्याचं प्रकरण चालू होतं. अशा पडत्या काळात लाइव्ह अल्बम करायचा म्हणून ब्रायन स्वतः हवाईला गेला आणि ऑर्गनवर बसला. दौऱ्यांत एरवी ब्रायनच्या जागी असणारा ब्रूस जॉन्स्टन गेलाच नाही.

आता ऐका. गाणी रेंगाळतात, आवाज विरळ, मध्येच सूर सुटतात. बँडनेही ऐकलं आणि टेपा बाजूला ठेवल्या. ज्यांचं गाणं, त्यांनीच 'हे नको' म्हटलं असताना ५० वर्षांनी कंपनीने ते का विकावं?

तिसरा_स्पीकर

अर्धीच गोष्ट सांगितलीत. टेपा बाजूला ठेवून मंडळी गप्प बसली नव्हती. सप्टेंबरमध्ये तीच गाणी स्टुडिओत पुन्हा वाजवली आणि वर प्रेक्षकांचा गलका चिकटवून 'हवाईची मैफल' म्हणून खपवायचा बेत होता. तोही बारगळला, ते सोडा. पण मग 'कलाकाराची इच्छा' म्हणजे नक्की काय? खरी मैफल दडवून खोटी विकायची, ही?

आणि ही जुनीच सवय. त्यांचा १९६४ चा 'कॉन्सर्ट' अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, त्यातही स्टुडिओची मलमपट्टी आहेच. त्यामानाने २०१७ च्या फायली प्रामाणिक.

कलम_क्रमांक_शून्य

डिसेंबरच का, हे कुणीच विचारलं नाही? युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाने ध्वनिमुद्रणांचं संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर नेलं. पण ५० वर्षांत काहीच प्रकाशित केलं नाही तर हक्क जातो. १९६७ चा माल २०१७ संपायच्या आत बाहेर काढणं भागच होतं. १९६८ च्या दौऱ्याच्या टेपा कधी आल्या? डिसेंबर २०१८. गायक बॉब डिलनच्या बाबतीत तर २०१२ मध्ये जेमतेम १०० प्रती काढल्या आणि उपशीर्षकातच हक्क वाढवण्यासाठीचा संग्रह असं लिहून टाकलं. निदान लपवाछपवी नाही.

तेव्हा हा संगीतप्रेमाचा वगैरे मामला नाही. ३१ डिसेंबरच्या आत करायची कागदोपत्री कामं आहेत ही.

खरडवही_बंद

@कलम, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. धन्यवाद.

कलम_क्रमांक_शून्य

नाही मांडली. हेतू कोरडा असला म्हणून ऐकणाऱ्याचं नुकसान होत नाही. हक्क गेला असता तर याच टेपा कुणीही, कशाही विकल्या असत्या.

मंद्रसप्तक

हक्कांचं पुरे, गाण्याचं बोलू या का? 'रेंगाळतात' हा आरोप मला मान्य नाही. 'स्माइल' मोडल्यावर ब्रायनच्या घरी 'स्मायली स्माइल' हा अल्बम झाला. ऑर्गनभोवती बांधलेला, कुजबुजल्यासारखा, जवळजवळ रिकामा. तो १८ सप्टेंबरला आला, म्हणजे हवाईनंतर महिनाभरातच. हवाईत त्यांनी तोच बाज जुन्या गाण्यांना लावून पाहिला. 'सर्फर गर्ल' त्या लयीत ऐका. कंटाळलेल्या माणसांचं गाणं नाही ते, मुद्दाम आवाज उतरवलाय. सूर काही ठिकाणी सुटलेत, ते मान्य.

खरडवही_बंद

बाज समजला ताई. पण तो घरातला बाज. हजारो लोकांच्या बंदिस्त रिंगणात कुजबुजून कसं चालेल? प्रयोग फसला, आणि फसला हे त्यांना त्याच आठवड्यात कळलं असणार.

मंद्रसप्तक

फसलेला प्रयोगही ऐकावासा वाटतो मला. यशस्वी काय, सगळ्यांनाच पाठ असतो.

नेवार्कचा_नेने

'पडता काळ' हे अमेरिकेतून पाहिलं तर. १९६८ चा 'फ्रेंड्स' अल्बम इथे १२६ व्या क्रमांकावर अडकला, ब्रिटनमध्ये मात्र १३ वा. त्याच ऑगस्टमध्ये 'डू इट अगेन' हे गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर. मे महिन्यात महर्षी महेश योगींना सोबत घेऊन काढलेला दौरा प्रेक्षकांअभावी काही दिवसांत आटोपला (बँडचा गायक माइक लव्ह नुकताच ऋषिकेशहून परतलेला, उत्साह दांडगा!). आणि डिसेंबरमध्ये लंडनला हीच मंडळी, ब्रायनशिवाय, हॉर्नवाल्यांसह, कशी दणकून गातात! त्यातला एक अल्बम १९७० मध्ये ब्रिटनमध्ये आला, अमेरिकेत यायला १९७६ उजाडलं.

हवाई आणि लंडन लागोपाठ ऐका. सव्वा वर्षात कार्लने मंचावरचा बँड कसा सावरला, ते नुसत्या लंडनवरून कळत नाही. त्यासाठी हवाईचं रडगाणंही हाताशी हवं.

तिसरा_स्पीकर

+१. शिवाय आपल्याकडे खाजगी मैफलींच्या कॅसेटी रसिकांनी आपसात फिरवल्याच ना? बुवांना विचारून?

खरडवही_बंद

फिरवल्या. विकल्या नाहीत.

@नेने, तुमचा मुद्दा वजनदार आहे. मैफलींपुरता मी गप्प बसतो. तिकीट काढून लोकांनी त्या ऐकल्याच होत्या. पण तालमी? त्या कुणासाठीच नव्हत्या. आणि २०१७ मध्ये ब्रायन हयात होता तरी मंचावरची खिंड लढवणारा कार्ल १९९८ मध्येच गेला. तिसरा भाऊ, ड्रमर डेनिस १९८३ मध्ये. त्यांना कोण विचारणार?

मंद्रसप्तक

मग १९९७ च्या 'पेट साउंड्स सेशन्स'च्या, म्हणजे 'पेट साउंड्स' अल्बमच्या स्टुडिओतल्या मुद्रणांच्या, चार सीडींचं काय करायचं? त्यातही चुकलेले टेक आहेतच की. त्या पेटीचं कौतुक तुम्हीच मागे एका धाग्यावर भरभरून केलं होतंत.

खरडवही_बंद

त्या चुकांच्या शेवटी 'पेट साउंड्स' उभा आहे, आणि तो त्यांनी स्वतः प्रकाशित केला. हवाईच्या तालमींच्या शेवटी काय आहे? रद्द झालेला अल्बम.

नेवार्कचा_नेने

आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'वाइल्ड हनी' हा पुढचा अल्बम. तो धरा की शेवटी.