मदत हवी आहे: बाळाची दोन बोटं चिकटलेली आहेत, शस्त्रक्रिया कधी करावी? (आणि ग्रहणाचं काय उत्तर देऊ?)

अभ्रा_शिवणारी:
नमस्कार. माझा मुलगा नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी झाला, आता पाच महिन्यांचा आहे. उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका टोकापर्यंत कातडीने जोडलेली आहेत, नखं मात्र वेगळी आहेत. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, सिंडॅक्टिली आहे, वर्षाचा झाला की बघू. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, आत्ताच उरकून टाका, लहानपणी जखम लवकर भरते. कुणाचं ऐकू? दुसऱ्या जागेची कातडी लावावी लागते म्हणे. दोन बोटं नुसती कापून वेगळी का नाही करता येत?

आता घरचं. ७ सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणाला मला नुकताच सातवा लागला होता. वेध लागल्यावर मी उशीचा अभ्रा शिवला. शिवलं म्हणून बोटं जुळली, हे सासूबाईंनी बारशाला आलेल्या प्रत्येकीला सांगितलं. नवरा विचारतो, सोनोग्राफीत कसं दिसलं नाही? मला भांडायचं नाही, पण ठाम उत्तर हवंय.

शवविच्छेदन_हॉल:
ताई, मी शरीररचनाशास्त्र शिकवतो, त्यामुळे ग्रहणाचं मी घेतो.

गर्भ राहिल्यापासून चौथा आठवडा संपता संपता हाताचा अंकुर फुटतो. सहाव्या आठवड्यात त्याचं टोक वल्ह्यासारखं चपटं असतं, आत पाच बोटांच्या रेघा उमटतात. म्हणजे बोटं सुरुवातीला सगळ्यांचीच जुळलेली असतात! मग मधल्या पडद्यातल्या पेशींना 'मरा' असा निरोप मिळतो. तो देण्यात बीएमपी नावाच्या प्रथिनांचा मोठा वाटा असतो. बदकाच्या पायात ग्रेमलिन नावाचं दुसरं प्रथिन हा निरोप अडवतं, म्हणून त्याचा पडदा शिल्लक राहतो, कोंबडीचा जातो. आठवा आठवडा संपेपर्यंत माणसाची बोटं सुटी होतात. तुमच्या बाळाच्या त्या एका फटीत हे काम अर्धवट राहिलं.

आता तारखा लावा. (डॉक्टर पाळीपासून मोजतात, त्यामुळे वरचा आठवा आठवडा त्यांच्या हिशेबात दहावा.) बाळ नोव्हेंबरअखेर दिवस भरून झालं असेल, तर बोटं सुटी व्हायची मुदत मेच्या सुरुवातीलाच संपली होती. सप्टेंबरात तुम्ही अभ्रा सोडा, अख्खी गोधडी शिवली असती तरी काही बदललं नसतं.

ही मुदत किती पक्की असते ते थॅलिडोमाइडने दाखवलं. १९५७ पासून पश्चिम जर्मनीत विकलं गेलेलं हे औषध १९६१ मध्ये मागे घेतलं. हातपाय घडण्याच्या त्या मोजक्या आठवड्यांत ज्यांच्या पोटात ते गेलं, त्यांच्या मुलांचे हातपाय खुंटले. हातपाय घडून झाल्यावर घेतलेल्या गोळीने ते खुंटत नाहीत.

सोनोग्राफीचं म्हणाल तर बाळ बहुतेक वेळ मूठ मिटून असतं. चिकटलेली बोटं त्यात सहज निसटतात.

टाका_दोरा:
मी प्लास्टिक सर्जरीत आहे. मधलं बोट आणि अनामिका ही सर्वांत नेहमीची जोडी. त्यांची लांबी जवळपास सारखी, त्यामुळे थांबल्याने फारसं बिघडत नाही. साधारण एक ते दीड वर्षाचा असताना करतात. अंगठा-तर्जनी किंवा अनामिका-करंगळी असती तर मीही सहा महिन्यांच्या आसपास घाई केली असती, कारण लांब बोट आखूड बोटाकडे वाकत जातं. तुमच्या बालरोगतज्ज्ञांचं बरोबर आहे. फार लहान वयात केलं की भूल देणं अवघड आणि वाढताना फटीतली कातडी पुन्हा वर सरकण्याची शक्यताही जास्त.

कातडीचं गणित सोपं आहे. दोन बोटं वेगळी केली की त्यांचा मिळून घेर जोडलेल्या बोटांपेक्षा जास्त भरतो. तेवढी कातडी तिथे नसते, म्हणून बहुतेक वेळा जांघेतून वगैरे घेऊन लावतात. आणि काप सरळ कधीच घेत नाहीत, नागमोडी घेतात. सरळ व्रण आकसून बोट ओढून धरतो.

एक्स-रे मात्र काढाच. नखं वेगळी आहेत हे चांगलं लक्षण, पण हाडं जुळलेली नाहीत हे बघायला हवं. उजव्या बाजूची छाती डावीपेक्षा सपाट वाटते का, तेही डॉक्टरांना दाखवा; पोलंड सिंड्रोममध्ये त्याच बाजूचा छातीचा स्नायू अपुरा असतो. आणि आधी विचारा, हाताच्या अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही करता. न लाजता विचारा.

कोकणकन्या_७:
माझ्या दिराच्या पायाची दुसरी-तिसरी बोटं अर्धी जुळलेली आहेत, त्यांच्या वडिलांचीही. त्यांनी आयुष्यभर काही केलं नाही, काही अडलंही नाही. काही घराण्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं. तुमच्याकडे दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांचे पाय एकदा बघून घ्या. (सासूबाईंचेही. मी काही म्हटलं नाही.)

अभ्रा_शिवणारी:
सगळ्यांचे आभार. तारखांचा हिशेब नवऱ्याला वाचायला दिला, त्याने दोनदा वाचला. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी एक्स-रे आहे. टाका_दोरा, एकच शेवटचं: शस्त्रक्रियेनंतर एवढं पोर बँडेज ओढून काढणार नाही का? तुम्ही काय करता?

टाका_दोरा:
काढणारच, म्हणून छोट्या मुलांना कोपर वाकवून, कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घालतो. साधारण दोन-तीन आठवडे. टाके विरघळणारे घालतात, काढावे लागत नाहीत. अर्धी बाही कापलेले दोन-चार जुने शर्ट तयार ठेवा.